गहिनीबुवांचा खडा

“एका वाक्यानं माणूस मुळापासून हादरतो, बुवा. याचा अर्थ काय लावायचा?”

प्रोफेसर केळापुरे तिसऱ्यांदा विचारत होते.

गहिनीबुवा दवाखान्यातल्या खाटेवर बसून पाणी पीत होते. आदल्या दिवशी त्यांच्या मूत्रपिंडातला खडा मशिनीनं फोडला होता. आता तीन लिटर पाणी पोटात गेल्याशिवाय सिस्टर त्यांना सोडणार नव्हती. बुवा सकाळपासूनच कावलेले होते.

“पाणी तर पिऊ द्या,” ते म्हणाले.

केळापुरे थांबले नाहीत. तीस वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि दर गुरुवारी बुवांच्या मठात प्रवचन करायचे. महिन्यापूर्वी कौसल्या नावाची एक बाई तिथं आली. तिचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला होता. आता मी काय करू, एवढंच तिनं विचारलं.

केळापुऱ्यांनी डोळे मिटले आणि उत्तर सुरू केलं. देह, आत्मा, ऊर्जेचं अविनाशीपण... पाऊण तास झाला. शेवटी बुवा सगळ्यांदेखत म्हणाले, “केळापुरे, बसा खाली. ती बाई कधीच उठून गेली.”

लोक हसले.

तेव्हापासून केळापुऱ्यांना झोप नव्हती. अन्न गोड लागत नव्हतं. मठाची पायरी त्यांनी पुन्हा चढली नव्हती. आजही ते तब्येत विचारायला आले नव्हते.

“तुमच्या स्वयंपाक्याला तुम्ही दिवसातून चारदा गाढव म्हणता,” ते म्हणाले. “तो हसतो आणि भाकरी थापायला बसतो. मग माझंच असं का व्हावं?”

बुवांनी ग्लास खाली ठेवला.

हेच मी डॉक्टरला विचारलं, असं ते म्हणाले. पाण्याच्या पिशवीवर मला आडवं केलं. बाहेरून कुशीत ठकठक सुरू झाली. कातडीला ओरखडा नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि आतला खडा तेवढा फुटला. मग मी का फुटलो नाही? तर डॉक्टर म्हणाला, अंगात सगळं पाणीच पाणी. त्यातून लाटा सरळ निघून जातात. वाटेत टणक काही आडवं आलं, तरच त्या...

“लाटा नव्हेत बुवा, आघाततरंग.”

बुवांनी पुन्हा ग्लास उचलला.

“दोन पदार्थांची घनता वेगळी असली की त्यांच्या सीमेवर दाब एकदम बदलतो,” केळापुरे म्हणाले, आणि त्यांचे डोळे मिटले. मग दाब आला, ताण आला, सूक्ष्म तडे आले, बुडबुडे आले. शेजारच्या खाटेवरच्या रोग्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

विवेचन संपवून केळापुऱ्यांनी डोळे उघडले.

खाट रिकामी होती.

...

बऱ्याच वेळानं बुवा मोरीतून सावकाश चालत आले. हातात चहाची गाळणी होती. फुटलेल्या खड्याचे कण त्यात धरून दाखवायचे, असं सिस्टरनं बजावलं होतं. बुवांनी ती केळापुऱ्यांच्या नाकासमोर धरली. तळाशी चिमूटभर रवा सांडावा तसे कण होते.

“त्या बाईकडं गेला होता का कधी? महिन्याभरात?”

केळापुरे गाळणीकडे बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “मी माझ्याच...”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. तीस वर्षं वर्गात घुमलेला आवाज आता शेजारच्या खाटेपर्यंतही पोहोचत नव्हता.

“म्हणजे बुवा... माझ्यातलाही खडा फुटला म्हणायचा?”

बुवांनी मोठा सुस्कारा सोडला. तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं. अर्धा ग्लास प्यायले.

“माझ्या खड्याला तीन हजार धक्के लागले, केळापुरे,” ते म्हणाले. “तुम्हाला अजून एकच बसलाय.”