बाभळीवरचे पांढरे फडके

ज्या राजांची नावेही आता कुणाला आठवत नाहीत, त्यांच्या काळची ही फार जुनी गोष्ट. एका राज्याच्या कडेला एक उथळ, पसरट तळे होते. दर हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे करकोचे उतरत. राजाचा नियम होता की, करकोचे आले की राखणदाराने काठच्या बाभळीवर पांढरे फडके बांधायचे. ते दिसले की पाखरे परत जाईपर्यंत तळ्यात कुणी जाळे टाकायचे नाही, गुरे घालायची नाहीत.

राखणदार आणि त्याची बायको दुपारभर काठावर बसून पाखरे बघत. त्यांतल्या एका मादीचा पाय गुडघ्यात वाकडा होता. बायको तिला लंगडी म्हणे. दरवर्षी ती आधी बायकोलाच दिसायची.

"आली हो माझी लंगडी! बांधा फडकं," ती म्हणायची. मगच तो उठायचा.

त्या वर्षी पावसाळ्यात बायको वारली.

हिवाळा लागला. राखणदार काठावर येऊन बसला. शिदोरी त्याने सवयीने दोघांची बांधून आणली होती.

दुपारी एक थवा उतरला. चाळीसेक करकोचे असतील. कुणी लंगडते आहे का, ते राखणदार पाहत राहिला. पण पाय पाण्यात बुडालेले होते आणि दमलेली पाखरे जागची हलत नव्हती.

तेवढ्यात म्हशीवाली आली.

"काय पाखरवाले, म्हशी घालू का पाण्यात? फडकं दिसत नाही ते."

"अजून आली नाही ती."

"मग हे समोर काय बगळे आहेत?"

"हे आलेत. ती नाही आली."

"तुमचं तुम्हाला ठाऊक! फडकं नाही म्हणजे तळं मोकळं. माझ्या म्हशी सकाळपासून तापल्यात."

राखणदाराने मांडीवरचे फडके उचलले आणि पुन्हा खाली ठेवले. आता ते बांधले, तर ती न येताच हिवाळा सुरू झाला असे होईल. त्याचा हात उचलेना.

म्हशी धबाधबा पाण्यात शिरल्या. थवा एकदम उठला. सगळ्यांचे पाय मागे सरळ ताणलेले होते. सर्वांत शेवटी उठलेल्या मादीचा एक पाय मात्र गुडघ्यात वाकून खाली लोंबत होता.

"लंगडी!" राखणदार ओरडला.

तो धावत बाभळीपाशी गेला. त्याने फडके बांधले. तोवर थवा टेकडीपलीकडे गेला होता.

म्हशीवालीने एकदा आकाशाकडे पाहिले, एकदा त्याच्याकडे. "आधी बोलला असतात तर थांबले नसते का मी, दादा?" ती हळूच म्हणाली आणि म्हशी बाहेर हाकू लागली.

हिवाळाभर फडके वाऱ्यावर हलत राहिले. तळ्यात जाळी आली नाहीत, गुरे आली नाहीत आणि करकोचेही आले नाहीत. राखणदार रोज दुपारी येऊन बसे.

पुढच्या वर्षी क्षितिजावर पहिले पंख दिसताच त्याने फडके बांधले. कुणाचा पाय कसा आहे, ते पाहिले नाही. मग तो खाली बसला, शिदोरी सोडली आणि उतरणाऱ्या एकेका पाखराकडे डोळे भरून पाहत राहिला.

तात्पर्य : एकाची वाट जरूर पाहावी, पण आलेल्यांना दाराबाहेर ठेवून पाहू नये.