पहिल्या हाकेला ओ नाही

चहा येतोय, पाव्हणं, बसा निवांत. मी आत्ता आमच्या भामाबाईला हाक मारली आणि आतनं ओ आली नाही, तेव्हा तुम्ही ताईंकडं बघून हसलात, ते दिसलं मला. भांडण नाही आमचं. कानानं बहिरीही नाही ती, नको ते बरोबर ऐकू येतं तिला. आमच्या वाडीत बाई नवऱ्याच्या पहिल्या हाकेला ओ देत नाही. दुसरीला देते. दुसरी मारायला अजून वेळ आहे. तोवर ऐका, कारण पिल्लू मांडीवर घेताना तुम्ही जे बोललात ते आमच्यात कुणी बोलत नाही. म्हणालात, 'मला असा कुत्रा पाहिजे, जो फक्त माझंच ऐकेल.' शहरातनं आलात, तुम्हाला काय ठाऊक म्हणा.

तो समोरचा माळ बघा. झाड नाही, झुडूप नाही, ससा पळाला तर कोसावरनं दिसावा असा. त्याला मुका माळ म्हणतात. आणि मधोमध तो काळा ठिपका दिसतो ना, ते जनावर नाही. दगड आहे, त्याच्यावर घोंगडी टाकलेली आहे. जुनी विरली की नवी टाकायची, पाळी घराघराला लागते.

असं सांगतात की फार पूर्वी ह्या वाडीत मायप्पा नावाचा धनगर होता. त्याच्याकडं कारवानी जातीची एक कुत्री होती, वावडी. आमच्याकडं पतंगाला वावडी म्हणतात. तशीच होती म्हणे, सगळी काड्या आणि कातडं. ही जातच तशी. बरगड्या दिसतात म्हणून परवा एकजण मला म्हणाला, आजोबा, उपाशी ठेवता का? म्हटलं, बाबा, हिला चरबी चढली की हिचं पळणं संपलं. दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी खाते, वासानं नाही तर नजरेनं शिकार करते, आणि उघड्या जमिनीवर बसत नाही. अंगावर मांस नाही, हाडं टोचतात. घोंगडी टाकलीत तर बसेल, नाहीतर उभी राहील.

तर वावडीला भाकरी कुस्करून घालायची, तिचे पाय तेलानं चोळायचे, गोचिड काढायचे, हे सगळं मायप्पाची बायको धुरपदा करायची. पण हाक मारायची ती मायप्पानंच. पिल्लू असताना धुरपदानं नाव घेतलं आणि ते तिच्याकडं वळलं, की मायप्पा त्याला दिवसभर उपाशी बांधायचा. म्हणायचा, कुत्र्याला दोन धनी झाले की ते कुणाचंच राहत नाही. पिल्लाचे हाल नकोत म्हणून धुरपदानं तोंड मिटलं. भरवायची, पण मुक्यानं.

कुत्री मोठी झाली आणि तिचं नाव चार गावांत झालं. इनामदारानं ती तीनदा मागितली, मायप्पानं तिन्ही वेळा नाही म्हटलं. पुढं बिरोबाच्या जत्रेत, सगळ्यांच्या देखत, मायप्पा बोलून गेला, "माझी वावडी माझ्या हाकेबिगर थांबत न्हाई, आन् दुसऱ्या कुणाच्या हाकेला वळत न्हाई."

इनामदार म्हणाला, "दाखव मग. तो सगळा माळ माझा आहे. उद्या दिवस डोक्यावर आला की कुत्री सोड. दिवस मावळेपर्यंत ती बसली नाही, तर माळ तुझ्या मेंढरांना कायमचा. बसली, किंवा तू हाक मारलीस, तर कुत्री माझी."

त्या वर्षी वाडीला चराई नव्हती, मेंढरं पाला-पाचोळ्यावर होती. सगळी वाडी मायप्पाच्या तोंडाकडं बघायला लागली. त्यानं बिरोबाचा भंडारा मुठीत उचलला आणि मावळेपर्यंत तोंड उघडणार नाही अशी आण घेतली. धनगरानं भंडारा उचलला की संपलं. मागं फिरायला वाट नाही.

त्याचा हिशेब साधा होता. ससा नजरेआड झाला की ही जात थांबते, हुंगत बसत नाही. चार ससे पळतील, लपतील, मधे कुत्री उभ्यानं दम खाईल, आणि दिवस जाईल. पण इनामदारानं रात्रीतनं जाळी लावून ससे धरले होते, आणि सशांची पोती देऊन माणसं माळाच्या चारी कडांना बसवली होती. एक ससा धरला की लांब दुसरा सुटायचा. लपायला झुडूप नाही. जे दिसतं त्याच्यामागं धावायचं, एवढंच वावडीला ठाऊक.

उन्हाळ्याचे दिवस. पहिल्या घटकेला लोक वाहवा करत होते. दुसऱ्या घटकेला गप्प झाले. तिच्या तोंडाला फेस आला, मग फेसात रक्त दिसायला लागलं. इनामदारही चुळबुळायला लागला म्हणे, त्याला कुत्री पाहिजे होती, मेलेली नको होती. पण सगळ्यांच्या देखत बोललेलं त्यालाही गिळता येईना.

धुरपदा नवऱ्यापुढं आली. म्हणाली, "जाऊ द्या तिला इनामदाराच्या वाड्यावर. जित्ती तर ऱ्हाईल. एक हाक मारा वो."

मायप्पानं नाही म्हणून मान हलवली. आता सांगणारे इथं दोन तऱ्हा करतात. कुणी म्हणतं, देवाची आण म्हणून. कुणी म्हणतं, वाडीच्या मेंढरांसाठी. मी म्हणतो, ती दुसऱ्याच्या दारात बसलेली त्याला बघवली नसती. मेली तरी चालेल, पण माझी. माझं म्हणणं वाडीला आवडत नाही, नाही आवडू दे.

मग धुरपदानं स्वतः हाक मारली. आवाज फाटेपर्यंत मारली. ज्या हातानं तीन वर्षं भरवलं, त्या हाताच्या बाईचा आवाज कुत्रीला ओळखीचाच नव्हता. वळली नाही. तेव्हा धुरपदा अंगावरची घोंगडी घेऊन माळाच्या मधोमध गेली आणि ती तिथं अंथरून बाजूला झाली.

घोंगडी वावडीला दिसली. पाय ओढत आली, तिच्याजवळ उभी राहिली. बसायला म्हणून कंबर वाकवली, आणि मान वळवून मायप्पाकडं बघितलं. मायप्पाची मूठ मिटलेली, तोंडही मिटलेलं. तेवढ्यात तिकडं ससा सुटला. कुत्री निघाली.

दिवस मावळला तसा मायप्पानं भंडारा उधळला आणि हाक मारली, "ये गं वावडे." पुढ्यातला ससा सोडून ती वळली. चालत आली. त्याच्या पायावर तोंड ठेवलं आणि तिथंच संपली. तिचा त्याच्यावर राग नव्हता. ते जास्त वाईट.

धुरपदानं तिला उचलून माळावरच्या त्या घोंगडीवर नेऊन ठेवलं. तिथंच तिला पुरली, तो दगड तिचाच. मायप्पानं मागनं हाक मारली, "धुरपदे." ती म्हणाली, "तुमची हाक तिच्या वाटची होती. तवा दिली न्हाई, आता मला नको." त्यानंतर पंचवीस वर्षं तिनं त्याला भाकरी वाढली, दुखण्यात पाय चेपले, ओ मात्र दिली नाही. मरताना त्यानं तिला हाक मारली म्हणतात. ती उशाशीच होती. तिनं पाणी पाजलं, तोंड पुसलं. ओ दिली नाही.

वाडीतल्या बायकांनी ते बघितलं होतं. आजही आमच्या बायका पहिली हाक वावडीची म्हणून सोडतात. आजही पिल्लाला नाव ठेवलं की पहिल्यांदा घरच्या बाईनं हाक मारायची, मग पोरांनी, मग शेजारापाजारानं. धन्यानं सगळ्यात शेवटी. तेव्हा ताई, ते पिल्लू तुमच्या मांडीवर घ्या. नाव काय ते तुम्ही ठरवा.

माळ? मिळाला की. बोलल्याप्रमाणं दिला इनामदारानं. आजही वाडीची सगळी शेरडं-मेंढरं तिथंच चरतात, आम्ही सगळे त्याच्यावरच जगलो. चहा शेळीच्या दुधाचा आहे, म्हणजे त्याच माळाचा. थांबा, दुसरी हाक मारतो.