शंभर घाण्यांचा शिक्का

राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट. वार बाजाराचा, वेळ सकाळच्या दुसऱ्या प्रहराची, ठिकाण गावची चावडी. राजाचा कारकून आला. म्हणाला, "परगावी कुणी तेलात भेसळ केली. यापुढे राजाच्या शिक्क्याचंच तेल चालेल. ही तुमचीच मागणी आहे, असं या कागदावर लिहिलंय, त्याखाली अंगठे द्या."

पहिला अंगठा गावच्या तेलिणीने दिला. एकटी बाई, एक बैल, एक लाकडी घाणा. आपले तेल चोख, मग भ्यायचे कुणाला?

लोक घरची करडई घेऊन तिच्याकडे येत. धारेखाली बोट धरून चव बघत. तेल ज्याचे त्याचे, पेंड तिची. यात राजाचे काय अडले होते?

पंधरवड्याने ती शिक्का मागायला गेली.

"घाणे किती?"

"एक."

"शंभर असतील त्यालाच शिक्का मिळतो, बाई."

"शंभर घाणे आहेत कुणाचे?"

"पेठेतल्या शेटजींचे."

"म्हणजे नियम त्यांच्या मापानं शिवलाय!"

"जीभ आवरा. शेटजी मोठे झाले ते खुल्या बाजारात."

"खुल्या? मग माझ्या दाराला हे कुलूप कुणी ठोकलं?"

कारकुनाने पुढच्या माणसाला हाक मारली.

बिनशिक्क्याच्या घाण्यापाशी दिसेल त्याला फटके, अशी दवंडी फिरली. गाव दुष्ट नव्हते, भित्रे होते. शेजारीण तिच्या दारावरून जाताना पदर ओढून घेई. तेलीण मात्र रोज घाणा पुसायची, येणाऱ्यासाठी पोते अंथरायची, संध्याकाळी ते झटकून उचलायची. बैल विकल्यावर घरात तिच्याशिवाय श्वास घेणारे कुणी उरले नाही. दिवसचे दिवस तिला स्वतःचा आवाजही ऐकू येत नसे.

थंडीत गावात लोकांचे पाय सुजू लागले. एका सकाळी शेजारीण दारात उभी राहिली.

"काकू, पोरं धापा टाकताहेत. वैद्य म्हणतो, शिक्क्याच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं विषारी बी आहे. फटके बसले तर बसू देत, आमचा बैल ने, पण तू घाणा जुंप."

तेलिणीने तिचा हात धरून घाण्यावर ठेवला. तेल न प्यालेले लाकूड उन्हाळ्यातच तडकले होते. भेगेत तीन बोटे जात होती.

"नवा करून घे ना!"

"सुतारालाही शिक्का लागतो आता. बस गं जराशी. वर्ष झालं, कुणी बसलं नाही इथं."

शेजारीण बसली.

त्या थंडीत गावातली अकरा माणसे गेली. शेटजी म्हणाले, शिक्का राजाचा. राजवाडा म्हणाला, तेल शेटजींचे.

लोकहो, सत्ता ज्याच्यासाठी इतरांची दारे बंद करते, त्याच्या भरभराटीला खुला बाजार म्हणू नका.

आणि ते बी शेटजींच्या घाण्यात कुणी ओतले, हे आजवर कुणी सांगितलेले नाही.