गवतगाडीचा उरलेला नट

गोठणखेड नावाच्या गावात सोपान भोईटे नावाचे एक गृहस्थ राहत असत, आणि त्यांच्या अंगणात एक गवतगाडी राहत असे. दोघांत जास्त लाड कोणाचे होत असं विचाराल, तर गाडीचे.

गवतगाडी म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र. दिसायला ट्रॅक्टरच्या पिल्लासारखं. वर सीट, पुढे स्टिअरिंग आणि पोटाखाली पत्र्याची एक मोठी पालथी परात. त्या परातीत दोन पोलादी पाती गरागरा फिरतात आणि गवत सपासप कापत जातात. तालुक्याच्या एका विश्रामगृहात हिरवळ मोडून मोटारी उभ्या करायला जागा केली, तेव्हा बिनकामाची झालेली ही गाडी गोठणखेडच्या ग्रामपंचायतीला भेट मिळाली. गावात आली तेव्हा ती चालत नव्हती, नुसतीच खोकत होती.

सोपानकाका एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होते. नुकतेच निवृत्त होऊन घरी बसले होते आणि अनसूयाकाकूंना भाकरी कशी थापावी ते शिकवत होते. काकूंनी एक दिवस सरपंच वैजयंताबाईंना गाठलं आणि हात जोडून सांगितलं, की ती गाडी आमच्या अंगणात पाठवा, तेवढीच माझी सुटका होईल.

गाडी आली आणि काका रमले. महिनाभरात त्यांनी ती ठणठणीत केली. पुढे तर तिची अशी बडदास्त ठेवली, की घरजावयाला हेवा वाटावा. गवत कापून आली की परातीखाली चिकटलेला हिरवा लगदा खरवडायचा, कारण तो वाळला की पत्रा गंजतो. त्यासाठी काकूंचं चांगलं उलथनं गेलं, ते परत आलंच नाही. हवेचा फिल्टर काढून झटकायचा. तेलाची काडी पुसून पुन्हा बुडवून पाहायची. पात्यांना कानस मारून झाली, की प्रत्येक पातं भिंतीतल्या खिळ्यावर मधोमध अडकवून बघायचं. ते एका अंगाला कललं तर जड बाजू अजून थोडी घासायची. पातं समतोल नसेल तर गाडी अशी थरथरते, की चालवणाऱ्याच्या कवळीचं काही खरं नाही.

काकांचा हात पक्का होता, यात वाद नाही. पण तोंड त्याहून पक्कं होतं. वर्कशॉपात म्हणे एक रीत होती. इंजिन जोडून झाल्यावर ज्याचा एखादा नट उरेल, त्याने तो सुतळीत ओवून दिवसभर गळ्यात घालून फिरायचं. एकतीस वर्षांत ही माळ काकांनी पुष्कळांच्या गळ्यात घातली होती, स्वतःच्या गळ्यात एकदाही पडू दिली नव्हती. ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ झाली होती, कारण काका ती आठवड्यातून दोनदा सांगत. त्यांचा बालमित्र केरबा शिंदे तर ती ऐकताना पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवी. काकांना ते आवडत नसे.

त्या वर्षी दसऱ्यानंतर गोठणखेडात पहिल्यांदाच मुलींचे खो-खोचे सामने भरायचे ठरले. चौदा गावांचे संघ येणार होते. गावच्या मुलींनी खांब रोवले, मंडप उभा राहिला, पण मैदानात गवत गुडघाभर. ते गवतगाडीने कापायचं आणि मग रेघा मारायच्या, असं ठरलं. आणि नेमका त्याच वेळी गाडीच्या पोटातून चीं चीं आवाज येऊ लागला. सामन्याला दोन दिवस उरले होते.

काकांनी अंगणात गोणपाट अंथरलं, इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची वायर काढून बाजूला ठेवली आणि परात खाली उतरवली. पात्यांना फिरवणारा पट्टा चिरला होता. गाडी उघडली म्हटल्यावर गाव जमलंच. कुणी म्हणालं पट्ट्याला साबण लावा, कुणी म्हणालं ग्रीस लावा, केरबा म्हणाला दोन्ही लावा. काकांनी सगळ्यांना गप्प बसवलं. जुना पट्टा कोणत्या पुलीवरून कसा गेला होता, याचं चित्र त्यांनी पट्टा उतरवण्याआधीच खडूने फरशीवर काढून ठेवलं होतं. ते बघून नवा पट्टा चढवला. दोन्ही पात्यांना धार काढली, परात पुन्हा टांगली, पाती बसवली. मध्येच वैजयंताबाई चौकशीला आल्या. मग काय विचारता. काकांनी त्यांना उभ्या उभ्या पट्ट्याचा इतिहास सांगितला, आपला इतिहास सांगितला आणि अखेर इंजिन चालू करून दाखवलं. पाती मात्र फिरवली नाहीत, कारण अंगणात फरशीभोवती खडी होती. इंजिन कसं गोड चाललं. सरपंचबाई खूष झाल्या आणि म्हणाल्या, की सामन्याच्या दिवशी सकाळी आठला सगळ्या गावासमोर मैदान कापायचं आणि तिथेच काकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा.

काकांना दोन दिवस जमीन दिसत नव्हती.

सामन्याच्या सकाळी काकांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी चढवली. दारात हलगी वाजत होती, गाव त्यांना न्यायला आलं होतं. गाडी काढण्याआधी गोणपाट उचलून झटकावं म्हणून त्यांनी ते ओढलं, आणि ठण्ण करून काहीतरी फरशीवर पडलं.

नट होता. चांगला जाडजूड, सतराच्या पान्याचा.

काकांनी तो पटकन उचलून खिशात टाकला आणि कुणी पाहिलं का, म्हणून इकडेतिकडे नजर टाकली. कुणी पाहिलं नव्हतं. काकू ओवाळायला तबक घेऊन उभ्या होत्या. हलगीवाला रंगात आला होता. काकांनी मनाची समजूत घातली, की इंजिन तर चाललं, मग एवढ्याशा नटाने काय बिघडतंय. गाडीवर बसले आणि मिरवणूक निघाली.

वाटेत गावकरी हात करत होते आणि काका हसून मान हलवत होते. पण खिशातला नट मांडीला टोचत होता. आता थांबावं तर एकतीस वर्षांचं नाव जाणार, तेही शाल-श्रीफळाच्या दिवशी. न थांबावं तर काय, हे काका इतर कुणाहीपेक्षा चांगलं जाणत होते. परातीतलं पातं किती वेगाने फिरतं ते त्यांना ठाऊक होतं. ते निखळलं तर कुठे जाईल, हे मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

मैदान आलं. कडेने सगळं गाव उभं होतं आणि सगळ्यांच्या पुढे, अगदी गवताला लागून, गावच्या संघातल्या मुली मांडी घालून बसल्या होत्या. त्यांना पहिली पट्टी कापलेली जवळून बघायची होती. काकांचा हात पाती फिरवायच्या दांड्यावर गेला. एका मुलीने त्यांना हात केला. काकांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

हलगी थांबली. काका गाडीवरून उतरले, खिशातून नट काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"माझ्याजवळ हा एक नट उरलाय," ते म्हणाले. "कुठला, ते मला ठाऊक नाही. ते कळेपर्यंत गाडी चालणार नाही. पोरींनो, मागं सरा."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळं मैदान हसायला लागलं. सुतळी आणा रे, सुतळी आणा, अशी मागून हाळी आली. काकांचे कान लाल झाले. पण त्यांनी मान खाली करून सांगितलं, की आणा, माझ्या गळ्यात मीच घालतो. मंडपाच्या दोरीचा तुकडा आला. काकांनी नट ओवला, गळ्यात घातला आणि चार गडी बोलावून गाडीचं तोंड लाकडी ठोकळ्यांवर चढवलं. प्लगची वायर काढली. पाने मांडले. धुतलेल्या धोतरासकट ते गवतात उताणे पडून गाडीखाली शिरले.

एकेक नट हाताने चाचपत काका पुढे सरकत होते. परात टांगलेले नट जागेवर. पुल्यांचे नट जागेवर. डाव्या पात्याचा नट जागेवर, घट्ट. एकही जागा रिकामी नव्हती. आणि मग त्यांची बोटं उजव्या पात्याच्या नटावर गेली आणि तो नट गर्रकन फिरला.

नट जागेवर होता, पण पान्याने आवळलेलाच नव्हता.

बरोबर त्याच वेळी बाहेर गलका झाला. केरबाला राहवलं नव्हतं. तो पुढे येऊन कान पकडून उभा होता आणि सांगत होता, की तो नट गाडीचा नाहीच, माझ्या विहिरीवरच्या पंपाचा आहे. सोपान फार बढाया मारतो, म्हणून सगळे इंजिन बघत होते तेव्हा मीच तो गोणपाटात सरकवून दिला. मला वाटलं, हा लपवील आणि मग वर्षभर याची गंमत करीन. हा असा चारचौघांत कबूल करील, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मग तर गाव उसळलंच. म्हणजे काकांचं काही चुकलंच नव्हतं. हलगी पुन्हा कडाडली. लोक म्हणू लागले, वा रे मिस्त्री, याला म्हणतात हात. वैजयंताबाईंनी शाल उलगडली आणि गाडीखाली वाकून हाक मारली, "काका, या बाहेर. तुमचं काम चोख आहे."

गाडीखाली काका एकटेच होते. हातात सतराचा पाना होता. एक झटका दिला की नट आवळला जाणार, आणि ही गोष्ट त्यांच्याशिवाय कुणालाच कळणार नव्हती. खाली पडल्या पडल्या त्यांनी पाना नटाला लावलासुद्धा. मग त्यांनी तो काढून घेतला.

"सरपंचबाई," ते आतूनच म्हणाले, "शाल राहू द्या. आधी इकडं वाकून बघा."

वैजयंताबाई गुडघ्यावर बसल्या. त्यांच्यामागे केरबा वाकला, काकू वाकल्या, मुली वाकल्या. काकांनी सगळ्यांदेखत दोन बोटांनी तो नट फिरवून दाखवला.

"गळ्यातला नट केरबाचा," ते म्हणाले. "हा माझा. परवा तुम्ही आलात, मी उठलो, बोलत बसलो आणि पाना मारायचा राहिला. हे पातं सुटलं असतं."

या वेळी कुणी हसलं नाही. केरबाने जवळ बसून पातं धरलं, काकांनी पाना मारला. मग काकांनी पाना केरबाच्या हातात दिला आणि स्वतःच म्हणाले, की आता तू ओढून बघ. केरबाने ओढून बघितलं. मग काकूंनीही ओढून बघितलं, आणि हे भाकरीपेक्षा सोपं आहे असं जाहीर केलं. तेव्हा कुठे सगळ्यांना हसू फुटलं, काकांना सर्वांत जास्त.

नऊ वाजता गवतगाडी चालली. काकांनी मुलींना मंडपात नेऊन बसवलं आणि मगच दांडा ओढला. एकामागून एक पट्ट्या अशा कापल्या गेल्या, की मैदान विंचरल्यासारखं दिसू लागलं. कापलेल्या गवताचा वास सगळीकडे पसरला. धोतराला मागून हिरवे डाग, पुढून तेलाचे डाग, अशा थाटात काका गाडीवर बसले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न सांगता नुसते हसत होते. काकूंना ते इतके आवडले, की त्या सारख्या पदराने डोळे पुसत होत्या. दहाला चौदा संघ आले. गोठणखेडच्या मुली उपांत्य फेरीत हरल्या, पण तिथवर पोचल्या म्हणून गावाने गुलाल उधळलाच.

सामने संपल्यावर शेजारच्या गावचे सरपंच वैजयंताबाईंजवळ आले. त्यांच्या शाळेलाही अशीच एक गाडी मिळायची होती आणि ती सांभाळायला भरवशाचा माणूस हवा होता. ज्याच्या हातून कधीच चूक होत नाही असा कोणी असेल तर सांगा, असं ते म्हणाले.

"तसा कोणी आमच्याकडं नाही," वैजयंताबाई म्हणाल्या. "पण चूक झाली तर आम्हाला कळायच्या आधी येऊन सांगणारा एक आहे. तो चालेल का?"

पाहुण्यांनी थोडा विचार केला आणि सोपानकाकांचं घर कुठे, ते विचारलं.

तात्पर्य: आपली चूक कुणी पाहिली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही; जो ती आपल्या तोंडाने सांगतो आणि आपल्या हाताने दुरुस्त करतो, त्याच्यावर लोक डोळे मिटून विश्वास टाकतात.