ठकूची वाट

बसा जरा ऐसपैस. ही गोष्ट माझ्या पणजीने तिच्या पणजीकडून ऐकलेली, म्हणजे किती जुनी ते तुम्हीच धरा. तेव्हा सरवंती नदीवर पूल नव्हता. चिंचोरे गावची माणसं पोटाला वाळके भोपळे बांधून नदी पार करत.

आमच्या गावापाशी नदी विळ्यासारखी वळते. वळणाच्या बाहेरच्या काठाला गाव, आतल्या काठाला वाळू. बाहेरून पाणी जोरात पळतं आणि काठ खातं, आतून ते रेंगाळतं आणि खाल्लेली माती तिथे टाकतं. ही नदीची जुनीच खोड. त्या वाळूत ठकू नावाची भोईण भोपळे लावायची. नवरा वारलेला, घरात ती आणि सासू, दोघीच. गाळ साठत साठत वाळूवर काळीशार मळई झाली, तेव्हा ती वाहून जाऊ नये म्हणून ठकूने तिच्या कडेने बांध घातला. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, मग पार डोक्याएवढा. वर निरगुडी लावली. त्या मळईतला एक भोपळा उचलायला दोघी लागत, असं म्हणतात. मला विचाराल तर थोडा लहानच असेल.

ठकूला एक सवय होती. तिला प्रश्न पडत. भोवरा एकाच जागी का फिरतो, नदीने नेलेली माती शेवटी कुठे जाते. सासू वैतागून म्हणायची, "भाकरीपरीस चौकशीच जास्त लागती गं बया तुला."

त्याच सुमाराला गावात दर साली पूर शिरायला लागला. पूर पूर्वीही यायचा, पण पायरीला शिवून जायचा. आता तो चुलीत येऊन बसू लागला. गावाने काठावर दगडांचा बांध घातला, नदीने तो फोडला. आणखी उंच घातला, तोही फोडला. पाटलांनी नदीची खणानारळाने ओटी भरली, तीही नदीने मुकाट घेतली आणि पुन्हा आली. नदी का कोपली ते कुणालाच कळेना.

एकदा पुरात ठकूचे वाळत घातलेले भोपळे वाहून गेले. सापडले ते सगळे गावाच्या वेशीपाशी. दुसरी कुणी असती तर गोळा करून घरी गेली असती. ठकूने सासूला विचारलं, "आत्याबाई, पूर्वी पुरात लाकडं वाहून यायची, ती कुठं घावायची?"

"आपल्या मळईच्या खालच्या अंगाला. तुझा सासरा तिथंच सरपण गोळा करायचा की."

ठकूच्या मनात ते सलत राहिलं. पुढचं पाणी चढलं तशी तिने भोपळ्यांना गेरू फासला, वरच्या डोहाशी जाऊन एकेक सोडला आणि काठाने धावत सुटली. लाल भोपळा डुलत आला, तिच्याच बांधाला टेकला, गर्रकन फिरला आणि सरळ गावावर गेला. त्याच्या मागचेही तसेच गेले.

मग ठकूला उमगलं. पूर चढला की नदी पूर्वी मळईवरून आडवी, जवळच्या वाटेने निघून जायची. ती वाट ठकूनेच बुजवली होती.

सासूला सांगितलं तर म्हातारी म्हणाली, "गप ऱ्हा! नदीला काय त्वांड हाय? ती न्हाई सांगायची कुणाला." आणि म्हातारीचं तरी काय चुकलं? त्या मळईखेरीज दोघींना या जगात काही नव्हतं. ठकू गप्प राहिली. माणूसच होती ती. पण तेव्हापासून तिला घास गिळेना, असं म्हणतात.

मग नागपंचमी आली. झाडांना झोके बांधलेले, लेकी माहेरी आलेल्या, आणि भर दुपारी डोंगराकडून तांबडं पाणी उतरलं. कुंभारआळीच्या भिंती विरघळायला लागल्या. सगळा गाव देवळाच्या पायऱ्यांवर गोळा झाला, तिथे ठकू पाटलांपुढे उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. "माझा बांध फोडा. पाणी आपल्या वाटंनं जाईल."

पाटील म्हणाले, "अगं, आज पंचीम! आज कुणी मातीला कुदळ लावंल व्हय? नागोबाला घाव बसंल."

कुणीच कुदळीला हात लावेना.

"कुदळ नगं," ठकू म्हणाली. "हात हाईत मला." पोटाला भोपळे बांधून तिने पुरात उडी घेतली.

तेवढ्यात आणखी कुणीतरी पाण्यात पडलं. सासू होती. म्हातारी सुनेला शिव्या देत देत पोहत निघाली होती.

दोघींनी निरगुडी मुळासकट उपटली, नखांनी माती ओढली. बांधाला मूठभर भोक पडलं आणि त्यातून पिवळाधमक नाग निघाला, असं म्हणतात. तो मळईवरून वळणं घेत गेला, आणि त्याच्या मागोमाग नदी गेली. म्हणून ती वाट आजही सरळ नाही.

बघता बघता गावातलं पाणी उतरलं. मळई मात्र गेली, भोपळ्यांच्या वेलांसकट. लोक पैल गेले तेव्हा दोघी वाळूच्या उंचवट्यावर बसल्या होत्या, बोटं सोललेली, केसांत गाळ. सासू रडत होती. ठकूने वर बघून पहिलं काय विचारलं असेल?

"भोपळा कुनीकडनं गेला?"

त्यावर कुंभारआळीतली एक बाई माघारी वळली. घरी गेली, पाटीभर माती घेऊन आली आणि त्या उंचवट्यावर ओतली. मग दुसरी आली. मग पाटील आले, डोक्यावर पाटी घेऊन.

आता तुम्ही कधी श्रावणात आमच्याकडे आलात तर नवल वाटेल. सगळीकडे नागपंचमीला कुणी जमीन खणत नाही, आणि चिंचोऱ्यात घरटी एक माणूस ठकूच्या वाटेवर माती उपसायला हजर असतं. सुरुवात हातांनीच, आणि ती एका सासूने आणि एका सुनेने मिळून करायची. त्या वाटेवर आम्ही घर सोडा, गोठासुद्धा बांधत नाही. उपसलेला गाळ पाट्यांनी त्याच उंचवट्यावर, ठकूच्या तुकड्यावर पडतो आणि तिथे भोपळे लावतात. मोठ्या पुरात नदी तो तुकडा घेऊन जाते. गाव तो पुन्हा मातीने भरतो, कुणी कुरकुरत नाही.

आणि पाणी चढलं की त्याच तुकड्यातला एक वाळका भोपळा गेरू फासून वरच्या डोहात सोडतात. पायऱ्यांवर सगळा गाव उभा असतो, तान्ह्या पोरांसकट. भोपळा वळणाआड जातो तशी आम्ही पैलतीरावर पाळतीला बसलेल्यांना हाक घालतो, "भोपळा कुनीकडनं गेला?"

तिकडून उत्तर येईपर्यंत कुणी घरी जात नाही.

"ठकूच्या वाटंनं!"