गरुड उडाला आणि जाळी उरली

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनासुद्धा कुणी नावं दिली नव्हती. एका डोंगराच्या अंगावर तीन वाड्या होत्या. वरची, मधली आणि खालची. तिघींच्या मध्ये एक तळं आणि तळ्याकाठी एक कुरण. उन्हाळ्यात सगळा डोंगर करपला तरी ते कुरण हिरवं राहायचं. पण गवत एकाच वाडीच्या गुरांना पुरेल एवढं. बाकीच्या दोन वाड्यांना गुरं घेऊन घाट ओलांडावा लागे. चार दिवस जायला, चार दिवस यायला. वाटेत वासरं मरत, कधी माणसंही.

कुरणासाठी पूर्वी काठ्या चालत. मग त्या मुलखाच्या राणीनं ठरवून दिलं, "डोकी फोडायची नाहीत. पानं खेळा. जिंकेल त्याचं कुरण, एका वर्षापुरतं."

तेव्हापासून दरवर्षी तळ्याकाठी घोंगडी अंथरली जाई. पानं आपल्या तळहाताएवढी, गोल, लाखेनं चकचकीत केलेली. प्रत्येक वाडीनं आपली तीस पानांची जुडी आणायची. त्यात कुठली चित्रं रंगवायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. खेळाआधी दोघांनी आपापली जुडी उघडी मांडून दाखवायची, म्हणजे चोरीचा संशय नको. मग पिसायची. दोघांनी एकेक पान पालथं टाकायचं आणि एकदम उलटायचं. वाघ बैलाला खातो, नाग उंदराला खातो, तसं ज्याचं चित्र भारी त्याचा हात. बरोबरी झाली तर दोन्ही पानं बाजूला. ज्याचे हात जास्त तो जिंकला.

खेळ सोपा होता. तो बिघडवला गरुडानं.

वरच्या वाडीनं एका वर्षी गरुड रंगवला. गरुड कशालाही उचलायचा. वाघ असो, हत्ती असो, नाग असो. त्याला धरायचं तर एकच पान होतं, ते म्हणजे जाळं. आणि जाळ्याची गंमत अशी, की ते गरुडाशिवाय कुणालाच धरत नसे. साधा उंदीर आला तरी जाळं कुरतडून हात घेऊन जायचा.

वरच्यांनी दहा गरुड केले. आता तुम्ही विचाराल, खालच्यांनी का नाही गरुड रंगवले? राणीची मनाई थोडीच होती? पण पहिला गरुड वरच्यांचा. त्यांचं पान आपल्या जुडीत घालायचं म्हणजे खालच्या वाडीला नाक कापल्यासारखं वाटे. ते म्हणाले, "आम्ही गरुड काढणार नाही. आम्ही गरुड पकडणार." आणि दरवर्षी हरले, की आणखी एकदोन जाळी रंगवत. सात वर्षांत अकरा जाळी झाली. एकेका घरानं एकेक रंगवलं होतं. घरचा माणूस गेला तरी त्याचं जाळं जुडीत राहायचं.

खालच्या वाडीकडून एक बाई खेळत असे. तिला सगळे थोरली म्हणत. सात वर्षं खेळली, सात वर्षं हरली. पहिलं जाळं तिच्या नवऱ्यानं रंगवलेलं. पाचव्या वर्षी तो गुरांमागे घाटात गेला तो परत आला नाही. तिच्या गोठ्यात आता एकच गाय होती, बांडी. ती होळीनंतर विणार होती. घाट चढणं तिला जमणार नव्हतं, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

आठव्या वर्षी खेळाला चाळीस दिवस उरले असताना राणीची दवंडी आली.

"ऐका हो ऐका! गरुड निघाला की लोक उठून भाकरी खायला जातात, असा खेळ काय कामाचा? आजपासून गरुडाचं पान बंद! ज्याच्याकडे असतील त्यानं आणून द्यावीत!"

वरच्या वाडीत चूल पेटली नाही म्हणतात. आणि खालच्या वाडीत? पुरण शिजलं! हलगी वाजली! वाडीच्या कारभाऱ्यांनी जुडी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिलं.

थोरली मात्र पाटासमोर बसली आणि पानं एकेक करून मांडायला लागली.

"थोरले," कारभारी म्हणाले, "सगळी वाडी नाचतेय आणि तू तोंड पाडून बसलीस. काय झालं?"

"कारभारी, ही अकरा जाळी आता कुणाला पकडणार?"

"म्हणजे?"

"गरुड गेला. उंदीर नाही गेला. आधी आपण गरुड पकडून निदान चारदोन हात तरी घ्यायचो. आता अकरा पानं टाकायची आणि अकरा हात द्यायचे. बंदी वरच्यांवर आली म्हणता, पण त्यांची दहा पानं गेली. आपली अकरा गेली."

कारभाऱ्यांनी पानांकडे पाहिलं. मग थोरलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गरुड गेला तरी हिला अजून त्याची पिसं दिसतात!" सगळे हसले.

थोरली हसली नाही. म्हणाली, "आणखी एक ऐका. डोंगरावरचा खरा गरुड मेला तर काय वाढतं?"

एका म्हातारीनं उत्तर दिलं, "काय वाढणार? साप."

"मग पानांत काय वाढेल? मधल्या वाडीकडे आठ नाग आहेत. सात वर्षं गरुडाच्या भीतीनं डब्यात पडलेत. आपण वरच्यांकडे डोळे लावून बसलोय, येणार आहेत ते मधले."

आता कुणी हसलं नाही. पण नवी पानं करायची कशी? कापडावर कापड चिकटवायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, वाळवायचं, घोटायचं, रंगवायचं, लाख चढवायची. पावसाळाभराचं काम. चाळीस दिवसांत होणारं नव्हतं. एकच वाट होती. जुन्या पानांवरचं चित्र खरवडायचं आणि त्यावरच नवं काढायचं.

"म्हणजे जाळी खरवडायची?" एक बाई कडाडली. "माझ्या सासऱ्यानं रंगवलंय ते! डोळ्यांनी दिसत नव्हतं तरी दोन महिने बसला होता. हात तर लावून बघ!"

"आमच्या जाळ्यानं लागोपाठ तीन वर्षं गरुड पकडला होता," दुसरा म्हणाला. "असलं पान खरवडतात होय?"

थोरलीनं अकरातलं पहिलं जाळं उचललं. तिच्या नवऱ्याचं. एका कडेला त्याच्या अंगठ्याचा ठसा लाखेखाली राहून गेला होता. तिनं शिंपला घेतला आणि सगळ्यांच्या देखत खरवडायला सुरुवात केली. लाल रंगाची पूड तिच्या मांडीवर पडत राहिली.

"अगं, वेडी की काय तू!" ती मघाची बाई ओरडली.

"तो गुरं जगावीत म्हणून रंगवत होता," थोरली म्हणाली. "जाळं राहावं म्हणून नव्हे."

त्या दिवशी तिला दुसरं जाळं कुणी दिलं नाही; ज्यानं त्यानं आपलं उचलून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी ती दारोदार फिरली. एका घरानं दार लावून घेतलं. एका घरानं ताक दिलं, जाळं नाही. तिसऱ्या दिवशी परत गेली. चौथ्या दिवशी परत गेली. पाय सुजले तर कडुलिंबाचा पाला बांधून गेली. लोक म्हणाले, "आली बघा शिंपलेवाली!" ती उंबऱ्याशी बसायची आणि एवढंच विचारायची, "तुमची किती वासरं घाटात राहिली?" आणि उत्तर ऐकून घ्यायची. विसाव्या दिवशी अकरावं जाळं, त्या सासऱ्याचं, सून स्वतः घेऊन आली. म्हणाली, "मीच खरवडते. तू जोरात घासतेस."

मग प्रश्न आला, काढायचं काय?

"त्यात काय विचारायचं!" कारभारी आता भलतेच उत्साहात होते. "नाग येणार ना? मग अकराच्या अकरा मुंगसं काढू! एकेका नागाला फाडू!"

"नाही," थोरली म्हणाली. "दोन मुंगसं."

"दोन? आठ नागांना दोन?"

"कारभारी, सात वर्षं आपण दुसऱ्याच्या पानाकडे बघून आपली पानं काढली. त्यानं काय टाकलं म्हणजे आपण काय करू, एवढंच शिकलो. समोर मुंगसाला नाग भेटला नाही तर ते काय खाणार? वाघ तर त्याला जाता जाता खाईल. दोन पुरेत. पाच रेडे काढा. रेडा वाघालाही पेलतो, बाकी बहुतेकांना तुडवतो. आणि चार साळिंदरं."

"साळिंदर? ते तर एकही हात घेत नाही!"

"पण देतही नाही. त्याला ना वाघ खातो ना नाग."

कारभारी पुटपुटत गेले. पण रंग कालवून त्यांनीच दिला.

चाळिसावा दिवस उजाडला. तळ्याकाठी घोंगडी पसरली. पहिला डाव वरच्या आणि मधल्या वाडीचा. वरच्या वाडीचा मिशीवाला गडी ऐटीत बसला. त्यानं जुडी उघडली आणि सगळे पुढे वाकून पाहू लागले. राणीनं गरुड खरवडून परत दिलेल्या दहा पानांवर दहा घारी होत्या. पंख तसेच, चोच तशीच. त्या लोकांना गरुडाखेरीज काही सुचतच नव्हतं, म्हणून त्यांनी गरुडासारखं दिसेल ते काढलं. आणि तो गडी टाकायचाही तसाच, घार जणू गरुडच आहे अशा थाटात. पण घार उंदराला उचलते, वाघाला नाही. पोसलेल्या नागालाही नाही. मधल्या वाडीच्या नागांनी त्याला गिळला. नंतर थोरलीच्या रेड्यांनी उरलंसुरलं तुडवलं.

राहिल्या मधली आणि खालची. कुरण यातल्याच एकीचं.

मधल्या वाडीकडून एक म्हातारा खेळत होता. कमी बोलणारा, थंड डोळ्यांचा. त्यानं आठ नाग मांडले तेव्हा ते नवे कोरे चमकत होते. सात वर्षांत त्यांना ऊनसुद्धा लागलं नव्हतं.

डाव सुरू झाला. नागानं रेडा मारला. मुंगसानं नाग मारला. रेड्यानं वाघ पेलला. साळिंदरासमोर वाघ आला आणि दोन्ही पानं बाजूला गेली. दुसरं मुंगूस वाघाच्या तोंडी गेलं, तसे कारभारी कपाळ बडवून म्हणाले, "दोनच! दोनच म्हणे! मी सांगत होतो अकरा काढा!"

"गप्प बसा हो," सासऱ्याचं जाळं खरवडणारी सून म्हणाली. "खेळतेय ती."

दोघांच्या हातात दोन दोन पानं उरली. हात नऊ आणि नऊ.

थोरलीकडे एक रेडा आणि एक साळिंदर. म्हाताऱ्याच्या मांडलेल्या जुडीतली पानं तिनं मनात धरून ठेवली होती; टाकलेली वजा केली. त्याच्याकडे एक नाग आणि एक उंदीर. रेडा उंदरासमोर पडला तर कुरण आपलं. रेडा नागासमोर पडला तर बांडीला घेऊन घाट चढायचा.

तिनं घाई केली नाही. सात वर्षं डब्यात जपलेल्या पानांकडे म्हातारा कसा बघतो ते ती मघापासून पाहत होती. प्रत्येक नाग टाकताना त्याचा हात जड होत होता. असा माणूस आपलं लाडकं पान शेवटालाच ठेवतो, आधी टाकवत नाही त्याला.

तिनं रेडा टाकला.

दोघांनी पानं उलटली. समोर उंदीर होता.

शेवटचं पान म्हाताऱ्यानं हळूच उलटलं. नाग. त्याच्यासमोर साळिंदर काटे फुलवून बसलं होतं. ना याचा हात, ना त्याचा. दहा आणि नऊ.

कारभारी इतके जोरात ओरडले, की तळ्यावरचे बगळे उडाले.

वरच्या वाडीचा मिशीवाला गडी मात्र घोंगडीच्या कडेला उभा होता. डोळे लाल. तो थोरलीला म्हणाला, "बाई, राणीनं आमचा गरुड नेला म्हणून आम्ही हरलो. नाहीतर तू जिंकली असतीस का?"

थोरली म्हणाली, "दादा, गरुड होता म्हणून तू खेळायचंच विसरलास. आणि तुझा गरुड होता म्हणून आम्हीही विसरलो. तू त्याच्या जिवावर जगत होतास, आम्ही त्याच्या रागावर. तो गेला तेव्हा दोघंही सारखेच उघडे पडलो. मी फक्त चाळीस दिवस आधी पाहिलं."

मिशीवाला खाली बसला, आणि तिनं मांडलेली पानं एकेक करून बघू लागला.

त्या उन्हाळ्यात खालच्या वाडीचं एकही जनावर घाट चढलं नाही. बांडी कुरणातच व्याली. संध्याकाळी वासरू उठून उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं, आणि मग आपल्या आईकडे चालत गेलं.

म्हणून सांगते, लहानांनो आणि थोरांनो: जो आपलं सगळं बळ एकाच आधारावर किंवा एकाच वैऱ्यावर बांधतो, तो आधार किंवा तो वैरी गेला की रिकामा पडतो; जो स्वतःच्या बळावर जुडी बांधतो, त्याचा डाव कुठल्याही दवंडीनं संपत नाही.