माणशी दोन घागरी

कुंभारवाड्याचा पाट बंद झाला, कारण दिवाण विश्वंभरपंतांना भागाकार येत होता. राज्यातलं सगळं पाणी, राजवाड्याच्या कारंज्यांसकट, त्यांनी सगळ्या माणसांत भागलं आणि सरासरी काढली. माणशी दोन घागरी! मग पाट हवाच कशाला? तो कारंज्यांकडे वळवला. गजेंद्रराजांनी दवंडी पिटवली, ‘राज्यात कोणी तहानलेला नाही. जो तहान लागली म्हणेल त्याला दहा फटके.’

मुदपाकखान्यात स्वयंपाक करणारी ठकूबाई कुंभारवाड्याचीच. तिथल्या आडात आता बेडूकही राहीना. सून कोसभरावरून घागर आणायची, नातवंडं त्यात ओठ बुडवायची. ठकूबाई थेट दरबारात गेली.

“म्हाराज, आमच्याकडं दोन घागरी येतच न्हाईत.”

“म्हणजे आमचा भागाकार चुकला?” दिवाणजी गरजले.

“न्हाई जी. भागाकार बरोबरच असंल. घागरी तेवढ्या रिकाम्या हाईत.”

राजाला हे झोंबलं. तो म्हणाला, “उद्याच्या जेवणापर्यंत तहान दाखव. पण भागाकाराला बोट लावायचं नाही. जमलं नाही तर पाट कायमचा बंद आणि फटके तुला.”

ठकूबाईला आधी रडू आलं, मग राग आला. रागाचा उपयोग होतो, म्हणून तिने तोच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. राजाच्या पंगतीत पानात टाकायचं नाही, अशी रीत होती. राजाने आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. अळणी! पानाच्या डाव्या कोपऱ्यात चिमूटभर मीठही वाढलेलं नव्हतं. शेजारी दिवाणजी रीतीपायी लालबुंद होऊन वाटी संपवत होते आणि तांब्या शोधत होते. राजापुढे मात्र दोन तांबे होते.

“ठकूबाई, मीठ विसरलीस?”

“मोजून घातलंय म्हाराज. तुमच्या वाट्याचं दिवाणजींच्या वाटीत पडलं, एवढंच. दोन्ही वाट्या मिळून बघा, चव फर्मास हाय.”

“आणि पाणी?” दिवाणजींचा आवाज घोगरा झाला होता.

“तुमची दोघांची पानं दोन, तांबे दोन. माणशी एक पोचला की.”

“कुठे पोचला? घसा जळतोय माझा! तहान लागलीय मला!”

पंगतीतले हात जागीच थांबले. ठकूबाईने पदर सावरला.

“म्हाराज, तहान दाखवली. भागाकाराला बोटबी लावलं न्हाई.”

दिवाणजींना दवंडी आठवली आणि चेहऱ्याची लाली उतरली. राजा मिशीत हसत म्हणाला, “आता या दहा फटक्यांचं काय करायचं, तूच सांग.”

“समद्या राज्यात वाटून टाका, म्हाराज. सरासरीनं कुणालाच लागायचे न्हाईत.”

राजा इतका हसला की त्याला ठसका लागला. एक तांब्या त्याने स्वतः प्यायला, दुसरा दिवाणजींकडे सरकवला. जेवण उरकायच्या आत कारंजी बंद झाली, पाट कुंभारवाड्याकडे वळला आणि ठकूबाईच्या हातात राजाने सोन्याचं कडं घातलं. अख्खं कडं, तिच्या एकटीच्या हातात.